ओळींतलें घर घेतांना

'लग्न पाहावें करून आणि घर पाहावें बांधून' असें आपल्याकडे म्हणतात. परंतु शहरांतल्या मध्यम स्थितीच्या गृहस्थाला आतां स्वतः घर बांधण्याचा योग क्वचितच येतो. दुसऱ्यानें बांधलेलें घरच त्याला पारखून घ्यावें लागतें. त्यासाठीं तो जी रक्कम पुढें ठेवतो ती बहुधा ३० वर्षांच्या नोकरीची शिल्लक असते. ती एकदां गेली कीं पुन्हां जमवायला आयुष्य उरत नाहीं. म्हणून नाशिक, पुणें यांसारख्या शहरांच्या उपनगरांतून आढळणाऱ्या लहान, जुन्या रो-हाऊसविषयीं, म्हणजे ओळींतल्या घराविषयीं, आज चार गोष्टी सांगण्याचें योजिलें आहे.

खालीं दोन खोल्या, वर दोन, मधून जिना, पुढें एवढेंसें अंगण, मागें धुण्याभांड्यांपुरती मोकळी जागा आणि दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांना चिकटलेल्या भिंती, असें हें घर. बंगल्याचें स्वातंत्र्य आणि चाळीचा शेजार यांचा तो समेट आहे. पाहणारा बहुधा फरशी, रंग आणि ओटा पाहून खूष होतो. पण या वस्तु पैसे टाकून बदलतां येतात. ज्या आपल्या एकट्याच्या इच्छेनें बदलतां येत नाहींत त्या तीन: जमीन, कागद आणि सामायिक भिंत. परीक्षा प्रथम त्यांची घ्यावी.

पहिली जमीन. कांहीं ओळींतून प्रत्येक घराखालची जमीन निराळी मोजलेली असते व तिची मिळकत पत्रिका किंवा सात-बारा मालकाच्या नांवें असतो. कांहीं ठिकाणीं सारी ओळ एकाच भूखंडावर असते आणि प्रत्येकाला अविभक्त हिस्सा असतो. सिडकोच्या वसाहतींसारख्या ठिकाणीं जमीन भाडेपट्ट्याची असते व हस्तांतरापूर्वीं त्या संस्थेची परवानगी लागते. बाहेरून तीनही घरें सारखींच दिसतात. परंतु पुढें मागें पाडून पुन्हां बांधायची वेळ आली तर पहिल्याचा मार्ग त्यांतल्या त्यांत सोपा, आणि दुसऱ्याला साऱ्या ओळीचें तोंड पाहावें लागतें.

दुसरे कागद. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. पहिल्या खरेदीखतापासून आजच्या विकणाऱ्यापर्यंत खतांची सांखळी अखंड असावी, आणि मागील ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र मागावें, आणि नकाशा हातांत घेऊन घरांत फिरावें. मागची जागा झांकून केलेलें स्वयंपाकघर, गच्चीवरची पत्र्याची खोली, हे प्रकार अशा घरांत फार. विकणारा त्यांचेही चौरस फूट भावांत धरतो. पण त्यांना मंजुरी नसेल तर नोटीस येते ती त्या वेळच्या मालकाला, म्हणजे आपल्याला. तेव्हां किंमत नकाशांतल्या घराचीच द्यावी. शिवाय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ प्रमाणें नुसत्या विक्री-करारानें मिळकतींत हक्क उत्पन्न होत नाहीं. त्यासाठीं नोंदलेलें खरेदीखतच हवें.

तिसरी भिंत. पलीकडे शेजाऱ्याचें न्हाणीघर असेल तर त्याची ओल आपल्या बैठकींत उतरते, आणि ती थांबविण्यासाठीं दार त्याचें ठोठवावें लागतें. म्हणून घर एकदां भर पावसाळ्यांत पाहावें. भिंतीचा खालचाच दोन-तीन फूट भाग नव्यानें रंगविला असेल तर कां, तें विचारावें. गिलाव्यावरचा केसाएवढा तडा फारसा चिंतेचा नव्हे. पण खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरका निघालेला, नाणें शिरेल असा तडा, किंवा स्लॅबखालीं गंजाचे डाग दिसले तर अभियंता बोलवावा. गच्च्यांमधला सांधा आणि मागच्या बाजूनें साऱ्या घरांमागून जाणारी सांडपाण्याची नळी हींहि पाहावींत. कडेच्या घराला तिसऱ्या बाजूनें उजेड मिळतो, पण ती बाजू पश्चिमेची असेल तर दुपारचें ऊन आणि नैर्ऋत्येचा पाऊस तीच भिंत सोसते. मधल्या घरांत भर दुपारीं दिवे मालवून जिन्याखालीं उभें राहावें आणि तेथें पुस्तक वाचतां येतें कीं नाहीं तें पाहावें.

आतां हिशेब. समजा, भाव ५० लक्ष ठरला. महाराष्ट्रांतल्या महानगरपालिकांच्या हद्दींत मुद्रांक शुल्क शहरानुसार साधारण ६ ते ७ टक्के पडतें. खरेदी केवळ स्त्रीच्या नांवें असेल तर १ टक्का सवलत मिळते. म्हणजे तीन-साडेतीन लक्ष, वर नोंदणीचे ३० हजार. वकील व दुरुस्ती धरली तर एकूण ५५ लक्षांच्या आसपास जावें. ५० लक्ष वा अधिक किंमतीवर १ टक्का आयकर विकणाऱ्याच्या रकमेंतून कापून सरकारांत भरणें हेंहि घेणाऱ्याचेंच काम. विकणारा परदेशस्थ असेल तर ही कपात पुष्कळच मोठी असते.

'दुसरें गिऱ्हाईक थांबलें आहे' असें सांगून विसाराची घाई केली जाते. विसाराची रक्कम लहान असते खरी, पण ती दिल्यावर मनुष्य घर पारखण्याचें सोडून त्याचें समर्थन करूं लागतो. म्हणून साऱ्या चौकशा तिच्या आधींच आटपाव्यात. भिंतीचा दोष आढळला तर दुरुस्तीचा खर्च भावांतून वजा करावा. जमिनीचा किंवा कागदाचा दोष वजाबाकीनें सुटत नाहीं. तेथें विकणाऱ्याला नमस्कार करून परत यावें.