हृदय-भूलशास्त्राची फेलोशिप : अर्ज आणि मुलाखत

आपल्या समाजातील मुले-मुली आज एम.डी. होऊन भूलतज्ज्ञ म्हणून काम करीत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पुढची वाट सांगणारे घरात बहुधा कोणी नसते. म्हणून हे चार शब्द.

हृदय-शस्त्रक्रियेच्या भूलशास्त्राकडे जाण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला, ३ वर्षांचा डी.एम. अभ्यासक्रम. त्याचा प्रवेश 'नीट-एसएस' अथवा 'आयएनआय-एसएस' परीक्षेतून होतो आणि तेथे अनुसूचित जातींसाठी राखीव जागा नसतात. दुसरा, रुग्णालयांची बहुधा १ वर्षाची फेलोशिप. तिला अर्ज व मुलाखत असते. मात्र ती डी.एम.ची बरोबरी करीत नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे.

अर्जात आपण स्वतः दिलेल्या भुलीच्या नोंदी खऱ्याच लिहाव्यात. त्यांवरच प्रश्न येतात. हृदय-फुप्फुस यंत्र जोडण्यापूर्वी हेपॅरिन का देतात, नंतर प्रोटामिन देताना रक्तदाब का कोसळू शकतो, हे पाठांतराने नव्हे, समजून सांगता आले पाहिजे. येत नसेल तर 'माहीत नाही' म्हणावे. खोटा आत्मविश्वास रुग्णाच्या जिवावर बेततो, हे परीक्षक जाणतात.

आपणही विचारावे : किती रुग्ण स्वतः हाताळायला मिळतील? अन्ननलिकेतून केली जाणारी इको तपासणी शिकवतात काय? विद्यावेतन किती? मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतात काय? कर्ज काढून शिकविणाऱ्या घराला एक वर्ष वाया गेलेले परवडत नाही. तेव्हा संकोच नको.

आणि जे तेथवर पोहोचले आहेत, त्यांनी मागून येणाऱ्या एकाची तरी सराव-मुलाखत घ्यावी, अशी आमची विनंती आहे.