जर्मनचं पातेलं

आमच्या घरात ॲल्युमिनियम हा शब्द शाळेच्या पुस्तकापुरता होता. स्वयंपाकघरात होतं ते ‘जर्मन’. जर्मनचं पातेलं, जर्मनची कढई, बोहारणीने दोन जुन्या साड्यांवर दिलेला जर्मनचा डबा. चांदीचा कणही नसलेल्या, तांबं-निकेल-जस्ताच्या ‘जर्मन सिल्व्हर’चं नाव पुढे या पांढऱ्या धातूला चिकटलं असावं.

एकदा आईकडून कोकमाचं सार त्या पातेल्यात रात्रभर राहिलं. सकाळी सार काळपट झालं होतं आणि पातेल्यात ते जिथवर होतं, तिथवर पांढुरका पट्टा उमटला होता. बोट फिरवलं तर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे लागले. आईने सार ओतून दिलं, पातेलं मात्र राखेने घासून परत मांडणीवर ठेवलं. ते फेकायचं असतं, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसतं.

त्या खड्ड्यांचं कारण साधं आहे. ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. तो जेमतेम काही नॅनोमीटर जाड असतो, पण धातूला तोच राखतो. आंबटात तो विरघळतो, तसाच खायच्या सोड्यात किंवा धुण्याच्या सोड्यातही. कोकम, चिंच, टोमॅटो, ताक थोडा वेळ शिजलं तर फारसं बिघडत नाही. मुक्कामाला राहिलं की धातू अन्नात उतरू लागतो. हार्ड ॲनोडाइज्ड भांड्यावर हाच पापुद्रा थंड केलेल्या गंधकाम्लात वीज सोडून हजारो पट जाड केलेला असतो, म्हणून ते काळसर दिसतं आणि आंबटाला फारशी दाद देत नाही.

‘ॲल्युमिनियम चांगलं की वाईट?’ असं लोक विचारतात. अन्नातून पोटात जाणाऱ्या ॲल्युमिनियमला मर्यादा हवी, हे खरं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने 2011 साली ती शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला 2 मिलिग्रॅम ठरवली. या भांड्यांमुळे अल्झायमर होतो, हे सिद्ध झालेलं नाही. पण मला वाटतं, आपण आधी दुसराच प्रश्न विचारायला हवा: हे ॲल्युमिनियम नेमकं कोणतं?

भारतात या भांड्यांची सुरुवात ज्यांनी केली, त्यांना हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं. 1898 साली मद्रासच्या सरकारी कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी घडवायला घेतली. धातू परदेशातून यायचा. भांडं हलकं आणि बिनकल्हईचं, ही त्याची मोठी जमेची बाजू. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करत राहावी लागते, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. देशात हा धातू तयार व्हायला 1943 उजाडलं. तो केरळात आलुव्याजवळ झाला. आपल्या राधानगरी तालुक्यातलं दुर्गमानवाडीचं बॉक्साइट पुढे बेळगावच्या कारखान्याला जाऊ लागलं. साधारण चार टन बॉक्साइटमधून एक टन धातू निघतो आणि त्याला तेरा-चौदा हजार युनिट वीज लागते. जुना धातू वितळवायला याच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पुरते. मोडीला मोल आलं ते इथे.

पुण्याबाहेरच्या एका छोट्या कारखान्यात मी पातेलं होताना पाहिलं. पत्र्याची गोल चकती, तिला तिथे ‘सर्कल’च म्हणतात, लेथवर साच्याला टेकवून फिरवतात. कारागीर लांब दांड्याचं हत्यार काखेत धरून अंगाचा भार देत ती चकती साच्यावर दाबत नेतो. कुंभाराच्या हाताखाली माती उठावी तसा पत्रा उठतो. ‘हा मऊ माल,’ तो म्हणाला. मऊ म्हणजे निदान 99 टक्के शुद्ध ॲल्युमिनियम, तापवून नरम केलेलं. ते छान ओढलं जातं, पण लवकर पोचतं. त्यात टक्का-दीड टक्का मँगनीज घातलं तर भांडं कणखर होतं आणि घडायलाही फारसं अडत नाही. म्हणून ही मिश्रणं भांड्यांसाठी मानलेली आहेत. सर्कल वाईट असेल तर प्रेसवर ओढताना काठावर कानासारखे उंचवटे येतात, ते कापावे लागतात आणि तेवढा माल वाया जातो. त्यामुळे चांगला कारखानदार पत्रा निवडूनच घेतो.

धोका आहे तो ज्याचा ठावठिकाणा नाही अशा ओतीव मालात. यंत्राचे नट-बोल्ट कापताना कीस तुटून पडावा म्हणून ॲल्युमिनियमच्या एका जातीत मुद्दाम अर्ध्या टक्क्याच्या आसपास शिसं घालतात. नटात ते कुणाचं काही बिघडवत नाही. तोच नट, स्कूटरचं इंजिन आणि रेडिएटर एका भट्टीत गेले की शिसं कढईत येतं. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि शिसं उकळायला सतराशेच्या वर अंश लागतात, म्हणून ते भट्टीत उडूनही जात नाही. 2014 साली कॅमेरूनमधल्या भंगारापासून ओतलेल्या भांड्यांत अमेरिकी संशोधकांना शिसं पाझरताना आढळलं. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयात केलेल्या काही भांड्यांबाबत इशारा दिला, त्यात पितळेबरोबर ‘हिंडालियम’ हे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं आपल्या ओळखीचं नाव होतं. तिकडे कुकर घेऊन गेलेल्या आपल्या लेकी-सुनांनी ही बातमी वाचली असेल. मुलांच्या रक्तातल्या शिशाला सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही. त्यामुळे मला हा प्रश्न किरकोळ वाटत नाही.

भांड्यांना कोणता धातू चालेल हे सांगणारं आयएस 21 हे भारतीय मानक आहे, आणि भांड्यांसाठी आयएस 1660. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करण्याचा आदेश काढला. दुकानात मी आता खालची बाजू उलटून ते चिन्ह शोधतो, मगच काठ चिमटीत धरून जाडी पाहतो. स्टीलपेक्षा ॲल्युमिनियम पंधरापट सहज उष्णता वाहतं. जाड बुडात ती कडेपर्यंत पसरते, आणि पोहे मधोमध करपत नाहीत. चकाकी मात्र काही सांगत नाही, बफिंगने कुठलाही माल उजळतो.

गेल्या महिन्यात आईचं पातेलं मोडीत काढलं. भंगारवाल्याने ते काट्यावर टाकलं, नखाने खरवडलं, आणि इंजिनच्या तुकड्यांनी भरलेल्या पोत्याऐवजी दुसऱ्याच पोत्यात ठेवलं. मी विचारलं, दोन्ही ॲल्युमिनियमच ना? ‘हे बर्तन, ते कास्टिंग,’ तो म्हणाला. ‘भाव वेगळा, भट्टीपण वेगळी पाहिजे. पुढं कोण काय करतो, ते मला नाही दिसत.’