मराठवाड्यातून तीन बेटांची सफर

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. तिकडच्या कॅरिबियन समुद्रात बेटांची रांगच आहे आणि पैसेवाले लोक सुट्टीत बोटीने या बेटावरून त्या बेटावर हिंडत असतात. तो खर्च आपल्या आवाक्यातला नाही. पण शुक्रवारी रात्री छत्रपती संभाजीनगरला देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसलात की सकाळी मुंबईत उतरता, आणि तिथून तीन दिवसांत तीन बेटे पाहून होतात.

जायचे कधी? तूर घरात आली आणि हरभरा अजून काढणीला आला नाही, असे संक्रांतीनंतरचे आठ-पंधरा दिवस बरे. गव्हाचे पाणी आणि गुरांच्या धारा भावकीत कोणावर तरी सोपवा. पुढे त्यांच्या वेळेला तुम्ही उभे राहा. एकटे गडीमाणूसच जाऊन येतात, तसे मात्र करू नका. ज्या बाईने उन्हाळाभर टँकरमागे हंडे भरले, तिने एकदा तरी डोळे भरून पाणी पाहावे. म्हातारीलाही न्या. पावसाळ्यात या फेऱ्या बंद असतात, तेव्हा आषाढ-श्रावणात बेत आखू नका.

शनिवारी सकाळी गेटवेहून घारापुरीची लाँच धरा. तासाभरात बेट येते. सोमवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवा. धक्क्यापासून वर शंभरावर पायऱ्या आहेत, म्हातारीला दमादमाने चढू द्या. आपल्या वेरूळचे २९ नंबरचे लेणे, ज्याला डुमर लेणे म्हणतात, ते पाहिलेले असेल तर इथे आत शिरताच ओळख पटते. तीच चौक्यांची मांडणी, तेच दारावरचे सिंह नसले तरी तेच जाड खांब. पण समोरच्या भिंतीतली तीन मुखांची शिवमूर्ती काही औरच आहे. माणसाच्या तिपटीहून उंच! वेरूळ १९८३ साली जागतिक वारशात गेले, घारापुरी १९८७ साली. आणि मुंबईच्या इतक्या जवळ असून या बेटावर कायमची वीज आली ती २०१८ साली, समुद्राखालून तार टाकून. आपल्या वस्तीवरच्या डीपीची आठवण होते की नाही?

इथे मुक्कामाला परवानगी नाही. दुपारी गेटवेला परत या आणि मांडव्याची बोट पकडा. तासाभरात मांडवा, तिथून बसने अलिबाग. रात्री घरगुती खाणावळीत उतरा.

आता लाँचविषयी. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. म्हणून बसल्याबरोबर जीवरक्षक जाकीट मागून घ्या आणि पोरांच्या अंगात घाला. ‘काही होत नाही’ म्हणून हसणारे भेटतील. त्यांना हसू द्या. बोट खचाखच भरली असेल तर दुसरीची वाट पाहा. पोट फार भरून चढू नका, बोट लागते. आल्याचा तुकडा तोंडात ठेवावा आणि नजर लांब किनाऱ्यावर ठेवावी.

रविवारी अलिबागचा कुलाबा किल्ला. हे बेट भरतीला बेट असते आणि ओहोटीला नसते. पाणी हटले की चालत जाता येते. वेळ कशी ओळखायची? आपल्याला तिथी कळते, तेवढे पुरे. तिथीची पाऊणपट करायची, तो भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती आणि साधारण सहा तास आधी, नऊला, ओहोटी. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी पुरते हटत नाही. म्हणून रविवारी तृतीया, चतुर्थी किंवा पंचमी येईल असा आठवडा निवडा. तरीही निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचाराच, आणि पाणी वळायच्या आत परत फिरा. शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी गाजवलेला हा किल्ला. चहूकडे खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याची विहीर.

दुपारच्या एसटीने मुरूड गाठा. सोमवारी सकाळी राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिरा. होडी दाराशी हलत असते, उतरताना म्हातारीचा हात नावाड्याच्या हातात द्या. आत बावीस एकराचा पसारा आहे आणि गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत. कलालबांगडी तोफेभोवती पोरे जमतीलच.

हा किल्ला सिद्दींचा. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेले हबशी. १६१० साली आपली खडकी वसवणारा आणि तिला नहरीचे पाणी देणारा मलिक अंबर हाही हबशीच. त्याच्या नहरीचे खापरी नळ आजही शहराखाली आहेत. जंजिऱ्यासाठी संभाजी महाराजांनी १६८२ साली दगड-लाकूड टाकून समुद्रच बुजवायला घेतला होता. मुघल स्वारीमुळे ते काम सोडावे लागले. तटावरून पाण्यात दिसतो तो पद्मदुर्ग, शिवाजी महाराजांनी याच जंजिऱ्याला शह द्यायला बांधलेला. तिकडची होडी सहसा मिळत नाही, लांबूनच पाहा.

दुपारी मुरूडहून मुंबईची एसटी धरा. वाटेत सुकी मासळी घेतलीत तर पिशवी दुहेरी बांधा, नाहीतर डब्यातले लोक बोलतील. रात्रीची देवगिरी पहाटे संभाजीनगरला सोडते. पहिली एसटी मिळाली तर धारेच्या वेळेला गोठ्यात.