व्यसनमुक्तीची वाट – लेखांक सहावा : बैठक कोठे शोधावी?

गेल्या लेखांकात आपण रुग्णालयातील उपचारांचा विचार केला. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने वैद्यकीय देखरेखीवाचून एकाएकी दारू तोडली तर झटके येण्याचा व भ्रम होण्याचा धोका असतो, म्हणून तो टप्पा डॉक्टरांच्या हाती असणेच इष्ट, हे तेथे सांगितले आहे. परंतु शरीर सावरले, सुटीचा कागद हाती पडला आणि माणूस पवनीला वा तुमसरला आपल्या घरी परतला, म्हणजे खरा मामला सुरू होतो; कारण गाव तेच असते, मोहाच्या दारूचा वास तोच असतो आणि दिवेलागणीला अंगणातून हाक मारणारे सोबतीही तेच असतात. या सोबतीच्या जागी दुसरी सोबत उभी करणे हेच दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठकीचे प्रयोजन होय. अशा बैठकीचे मूळ एका हकिकतीत आहे.

१९३५ सालच्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील मनुष्य अमेरिकेतील अॅक्रन या शहरी कामानिमित्त आला होता. काही महिने त्याने दारूला स्पर्श केला नव्हता. पण व्यवहार फसला, खिसा रिकामा झाला, आणि हॉटेलातील मद्यगृहाचा गलबला कानी येत असता, त्याने तिकडे न वळता टेलिफोन हाती घेऊन, चर्चच्या यादीवरून एकामागून एक ठिकाणी विचारणा केली, की दारूने ग्रासलेला एखादा मनुष्य मला बोलावयास मिळेल काय. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाची गाठ पडली. पाव तासाच्या बोलीवर आलेले ते गृहस्थ कित्येक तास बसून राहिले. त्यांनी अखेरचा घोट घेतला तो १० जून १९३५ हा दिवस अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. या हकिकतीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की विल्सनने मदत मागितली ती आपल्यासारख्याच दुसऱ्या पीडिताजवळ.

भंडाऱ्याच्या वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. नागपूरच्या बाबा जुमदेवांनी (१९२१–१९९६) प्रवर्तिलेल्या ‘परमात्मा एक’ मार्गाचे सेवक आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्यांच्या नियमांत दारू वर्ज्य असून चर्चाबैठकीस एकत्र जमण्याचा परिपाठ आहे. ज्या कुटुंबाला तो मार्ग मानवला त्याने तो सोडण्याचे काहीच कारण नाही. मात्र तो उपासनेसहित येतो; ज्याची उपासना निराळी, ज्याने बुद्धाचा धम्म स्वीकारला किंवा ज्याची कशावरच श्रद्धा नाही, त्याला ए.ए. अधिक मोकळी वाटेल. तेथेही ईश्वराचा उल्लेख येतो, पण त्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे घ्यावा अशी मुभा आहे. प्रवेशाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, दाखला नाही, जातीपातीची विचारपूस नाही. चहापाण्याचा खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो.

शोध कसा घ्यावा? १४४४६ हा केंद्र शासनाचा निःशुल्क व्यसनमुक्ती दूरध्वनी आहे. जिल्हा सामान्य रुग्णालयातील मानसोपचार विभागातही विचारावे. नागपूर भंडाऱ्याहून सुमारे ६० किलोमीटर, आणि तेथे ए.ए.चे समूह आहेत. जवळची जागा सोडून तेथे जाण्यात पुष्कळांना एक सोय वाटते, ती अशी की तेथे ओळखीचा चेहरा भेटत नाही. लाखांदूरकडील माणसाला दर आठवड्यास एवढा प्रवास परवडणार नाही. त्याने भ्रमणध्वनीवरून भरणाऱ्या बैठकांची चौकशी करावी. भरदिवसा दुकानासमोर पव्वा हाती घेताना ज्याला संकोच वाटला नाही, त्याला बैठकीच्या पायरीवर तो वाटावा, हे मला फार क्लेशकारक वाटते. पण संकोच खरा असतो, म्हणून पहिल्या वेळी कुणाला तरी सोबत न्यावे.

आत गेल्यावर काय घडते? प्लॅस्टिकच्या खुर्च्या, स्टीलच्या किटलीत चहा, तासा-दीड तासाचा अवधी. एक जण उठतो, केवळ आपले नाव सांगतो, आपण अल्कोहोलिक आहोत असे म्हणतो आणि मग आपली कैफियत मांडतो. धान विकून आलेला पैसा घरी पोचलाच नाही, मुलीच्या सोयरिकीच्या दिवशी आपण शुद्धीवर नव्हतो, अशी ती असू शकते. त्याला मध्येच कोणी टोकत नाही, उपदेशही करीत नाही. नव्या माणसावर बोलण्याची सक्ती नसते. ऐकून परत गेले तरी चालते. तेथे ऐकलेले तेथेच राहावे हा दंडक असतो, आणि संकल्प जन्मभराचा न करता आजच्या दिवसापुरता करावा असे सांगतात. पुन्हा घसरलेला माणूस परत आला तर त्याला खुर्ची मिळते; शपथ मोडल्याच्या लाजेने जे तुटून जातात त्यांच्यासाठी ही व्यवस्था मला अनमोल वाटते.

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात २७ अभ्यास व १०,५६५ व्यक्तींची छाननी झाली, आणि ए.ए.कडे पद्धतशीर वळविलेल्या व्यक्तींत सतत दारूपासून दूर राहण्याचे प्रमाण अन्य उपचारांपेक्षा अधिक आढळले.

पहिल्या बैठकीत मन रमले नाही तर निर्णय करू नये. माणसे निरनिराळी, समूहही निरनिराळे. निदान चार-सहा वेळा जावे, दुसरा समूह पाहावा, आणि जुन्या सभासदाचा दूरध्वनी क्रमांक मागून घ्यावा, कारण संध्याकाळची ओढ लागते तेव्हा बैठक भरलेली नसते. पिणाऱ्याच्या पत्नीने, आईने स्वतंत्रपणे अल-अॅनॉन या कुटुंबीयांसाठीच्या संघटनेची चौकशी करावी. त्यांचा विचार पुढील लेखांकात करू. तोवर १४४४६ हा क्रमांक घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, एवढीच विनंती.