इंजिनाच्या ॲल्युमिनियम भागांवरील पांढरी भुकटी : कारणे व उपाय

फवारणीयंत्र, पाणी उपसण्याचा पेट्रोल पंप, ट्रॅक्टर व मालवाहू मोटार ही आता शेतीची नित्याची साधने झाली आहेत. त्यांच्या इंजिनांतील कार्ब्युरेटर, थर्मोस्टॅटचे आवरण आणि पुष्कळ वेळा सिलिंडर हेडही ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. हंगामानंतर ठेवून दिलेले यंत्र पुन्हा बाहेर काढले असता या भागांवर पांढरी भुकटी व बारीक खळगे आढळतात. ॲल्युमिनियम गंजत नाही, अशी सर्वसाधारण समजूत असल्याने तिकडे दुर्लक्ष होते, किंवा चुकीच्या रीतीने साफ केल्यामुळे मूळ दोषाहून अधिक हानी होते.

हवेशी संबंध येताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर तयार होतो. लोखंडाचा गंज पापुद्र्यांनी सुटतो व आतील धातू उघडा पडतो. हा थर मात्र धातूला घट्ट चिकटून त्याचे रक्षण करतो. ओरखडा पडला तरी तो तत्काळ भरून निघतो. म्हणून भागाची चकाकी केवळ मंद झाली असल्यास चिंतेचे कारण नाही. तीव्र आम्ल, तीव्र अल्क, मीठ आणि तांब्याचे क्षार यांपुढे मात्र हा थर टिकत नाही; आणि शेतीच्या कामात हे चारही पदार्थ यंत्राच्या जवळपास असतात.

मोरचूद व चुना यांपासून केलेले बोर्डो मिश्रण द्राक्ष, सुपारी इत्यादी पिकांवर फवारतात. मिश्रणात चाकूचे पाते बुडवून त्यावर तांबूस थर येतो काय, हे पाहण्याची रीत बागायतदारांच्या परिचयाची आहे. असा थर आल्यास मोरचूद मोकळे राहिले आहे असे समजावे. असे मिश्रण ॲल्युमिनियमवर सांडले म्हणजे तेथेही तांब्याचे कण बसतात व प्रत्येक कणाभोवती धातू झिजून खळगा पडतो. उलटपक्षी, चुना अधिक झाल्यास त्याचा अल्कही ॲल्युमिनियमला अपाय करतो. कोकण किनाऱ्यावरील खारी हवा, पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे पाणी आणि म्युरिएट ऑफ पोटॅशसारखी क्लोराइडयुक्त खते यांपासूनही असेच भय असते.

साफ करण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. सुटा होणारा भाग काढून साध्या साबणाच्या पाण्याने तेलकटपणा धुवावा. नंतर व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून ते भुकटीवर लावावे, काही मिनिटांनी नायलॉनच्या ब्रशने घासावे, स्वच्छ पाण्याने पुष्कळ धुऊन भाग पूर्ण कोरडा करावा. कॉस्टिक सोडा कदापि वापरू नये. तो ॲल्युमिनियम खातो व त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. धुण्याचा सोडा व संडास साफ करण्याचे आम्लही वर्ज्य समजावे. लोखंडी तारेच्या ब्रशने घासल्यास लोखंडाचे कण धातूत रुततात व तेथून नवा गंज सुरू होतो. कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत तार घालू नये.

खळगे कोठे पडले आहेत, यावर पुढील निर्णय अवलंबून असतो. बाहेरील अंगावरील उथळ खळग्यांमुळे काम अडत नाही. परंतु पॅकिंग बसण्याच्या सपाट जागेवर, विशेषतः पाण्याच्या वाटेपासून कडेपर्यंत, खळगे पडले असल्यास तो भाग तसाच बसवू नये. तेथून पाणी झिरपते, इंजिन तापते, व अति उष्णतेने सिलिंडर हेड वाकते. पेरणीच्या ऐन दिवसांत ट्रॅक्टर बंद पडून वाफसा निघून जाण्यापेक्षा एक आवरण बदलण्याचा खर्च कितीतरी अल्प असतो. सिलिंडर हेडची अशी जागा घरी कानशीने न घासता कुशल मिस्त्रीकडून सपाट करून घ्यावी.

प्रतिबंधासाठी पुढील दक्षता घ्यावी. फवारणी संपताच यंत्र त्याच दिवशी स्वच्छ पाण्याने धुवावे; हे पाणी विहिरीत वा ओढ्यात जाऊ देऊ नये. रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी न घालता उत्पादकाने सांगितलेले कूलंट शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून घालावे व सांगितलेल्या मुदतीत बदलावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषून घेते. म्हणून हंगाम संपल्यावर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत. यंत्र खतांच्या पोत्यांजवळ न ठेवता कोरड्या, हवेशीर जागी ठेवावे. हवेने थंड होणाऱ्या सिलिंडरच्या पातळ कडांना मात्र रंगाचे जाड थर देऊ नयेत, कारण त्यामुळे उष्णता बाहेर पडण्यास अडथळा येतो.

ॲल्युमिनियमला स्वतःचे संरक्षक कवच आहे. ते मोडणारे पदार्थ यंत्रापासून दूर ठेवणे आणि साफ करताना आपल्याच हाताने ते न मोडणे, एवढी काळजी शेतकरी बंधूंनी घेतल्यास यंत्र ऐन हंगामात दगा देण्याचा संभव पुष्कळ कमी होईल.