झारचा शब्द, रशियाचा शब्द

लेखांक ५

मागच्या लेखात आपण मार्च १९१८ पर्यंत आलो. ब्रेस्त-लितोव्स्क इथे जर्मनीशी तह करून रशिया महायुद्धातून बाहेर पडला आणि त्यासाठी युक्रेन, पोलंड व बाल्टिक प्रदेशांवर पाणी सोडलं. पुढच्या वर्षी पॅरिसच्या शांतता परिषदेत युरोपचा नकाशा नव्याने आखला गेला. लाखो सैनिक गमावलेल्या रशियाला मात्र तिथे बोलावणंच नव्हतं. हा देश असा वाळीत का पडला?

भांडवलशाही देशांना साम्यवादाची धास्ती होती, हे खरंच. पण वाद आणखी एका प्रश्नाचा होता: राजाने दिलेला शब्द क्रांतीनंतर कोणी पाळायचा?

सप्टेंबर १९१४ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाने शत्रूशी वेगळा तह न करण्याचं एकमेकांना वचन दिलं होतं. क्रांतीतून सत्तेवर आलेल्या साम्यवादी बोल्शेविकांनी ते मोडलं आणि जर्मनीला पूर्वेकडचं सैन्य पश्चिमेला हलवता आलं. फेब्रुवारी १९१८ मध्ये त्यांनी झारशाहीची परदेशी कर्जं रद्द केली. फ्रान्समधल्या असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांची पुंजी रशियन रोख्यांत होती, ती बुडाली. त्याआधीच, नोव्हेंबर १९१७ पासून, दोस्त राष्ट्रांचे गुप्त करारही छापून जगापुढे मांडले गेले होते. अरब प्रदेशांच्या वाटणीचा साइक्स-पिको करार त्यातलाच.

बोल्शेविकांचं म्हणणं असं, की ही वचनं झारने दिली. खंदकात मरणाऱ्या शेतकऱ्याला कोणी विचारलं होतं? मला हा प्रश्न आजही बिनतोड वाटतो. पण इतर सरकारांच्या लेखी शब्द झारचा नव्हता, रशियाचा होता. राजा बदलला की करार संपत असतील, तर उद्या करार करायचा कोणाशी?

त्यात मार्च १९१९ मध्ये मॉस्कोत कॉमिन्टर्न या कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना झाली. आता रशिया ज्या सरकारांकडे मान्यता आणि व्यापार मागत होता, त्यांनाच उलथवण्याचं आवाहन मॉस्कोतून त्यांच्या कामगारांना केलं जात होतं. दोस्तांनीही हात राखला नाही: अर्खांगेल्स्क आणि व्लादिवोस्तोकला फौजा उतरवल्या, जानेवारी १९२० पर्यंत नाकेबंदी ठेवली. त्यामुळे लेनिनच्या सरकारचा संशय आणखी पक्का झाला.

कोंडी फुटली ती व्यापारामुळे. मार्च १९२१ मध्ये ब्रिटनशी करार झाला, पण त्यात एक अट होती: ब्रिटिश हितसंबंधांविरुद्ध, विशेषतः हिंदुस्थान आणि अफगाणिस्तानात, रशियाने प्रचार करायचा नाही. जुने शब्द झुगारणाऱ्या क्रांतीला जगात परतण्यासाठी नवा शब्द द्यावा लागला, आणि त्यात पारतंत्र्यातल्या आपल्या देशाला कोणी विचारलं नाही. झारने तरी आपल्या शेतकऱ्याला कुठे विचारलं होतं?

पुढच्या आठवड्यात: १९२२ चं रापालो, जिथे वाळीत पडलेली दोन राष्ट्रं, रशिया आणि जर्मनी, एकमेकांना भेटली.