सत्तर लाख कोटींतलं एक मूल

एका जोडप्याला किती वेगवेगळी मुलं होऊ शकतात? प्रश्न कुटुंब नियोजनाचा नाही, निव्वळ गणिताचा आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच पुढे जातं आणि कुठलं जाणार ते छापा-काटा उडवल्यासारखं ठरतं. तेवीस वेळा नाणं उडवलं की निकालाचे प्रकार होतात ८३,८८,६०८. इतक्या तऱ्हांचे शुक्राणू, इतक्याच तऱ्हांची बीजांडं. दोन्हींचा गुणाकार ७,०३,६८,७४,४१,७७,६६४.

म्हणजे सत्तर लाख कोटी. आजवर पृथ्वीवर जन्मलेल्या सगळ्या माणसांची बेरीज लोकसंख्यातज्ज्ञ ढोबळपणे ११,७०० कोटी धरतात. शेजारच्या फ्लॅटमधल्या साध्यासुध्या नवरा-बायकोला त्याच्या सहाशेपट वेगवेगळी मुलं होऊ शकतात! त्यातली दोन जन्माला येतात आणि नातेवाईक म्हणतात, ‘दोघं भाऊ एकमेकांसारखे मुळीच नाहीत हो.’ नवल करायचंच तर ते थोडेफार सारखे दिसतात याचं करावं.

आणि हा आकडाही फारच कमी आहे. जोडीतली दोन गुणसूत्रं वेगळी होण्याआधी एकमेकांना बिलगतात, ठिकठिकाणी तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल करून पुन्हा सांधली जातात. शुक्राणूत असं सरासरी पंचवीसेक ठिकाणी होतं, बीजांडात चाळीसेक ठिकाणी. तुटण्याच्या जागा दर वेळी वेगळ्या. ते सगळं हिशेबात धरलं तर सत्तर लाख कोटी ही नुसती सुरुवात ठरते. पुढची शून्यं मांडत बसण्यात अर्थ नाही.

बीजांडातली ही अदलाबदल कधी होते, हे मात्र थांबून पाहण्यासारखं आहे. ती होते आईच्या जन्माआधी. मुलगी गर्भात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या बीजकोशात साठ-सत्तर लाख अपरिपक्व बीजांडं असतात. जन्माच्या वेळी दहा-वीस लाख उरतात, आणि पुढे आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात जेमतेम चारशे-पाचशे. तुम्ही ज्या बीजांडातून आलात ते तुमच्या आईसोबतच तुमच्या आजीच्या पोटात होतं. आजीचं डोहाळजेवण झालं तोवर तुमच्या अर्ध्या वारशाची कापाकापी उरकत आली होती. मग ते बीजांड वीस-पंचवीस वर्षं तसंच थांबून राहिलं. वडिलांचा कारभार उलटा. तिथे रोज कोट्यवधी शुक्राणू ताजे तयार होतात.

आता मागे चला. आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. दहाव्या पिढीला १,०२४, विसाव्या पिढीला १०,४८,५७६. ज्ञानेश्वरी १२९० सालची. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर तिथवर २९ पिढ्या होतात आणि पूर्वजांचा आकडा जातो ५३ कोटी ६८ लाखांवर. त्या काळी साऱ्या जगात मिळून माणसं होती चाळीस कोटींच्या आसपास! गणित चुकलेलं नाही. तीच ती माणसं यादीत पुन्हा पुन्हा येतात, एवढंच. मामाच्या मुलीशी लग्न केलं की होणाऱ्या मुलाला आठाऐवजी सहाच पणजी-पणजोबा असतात. गावातल्या गावात, पंचक्रोशीत, जातीतल्या जातीत शेकडो वर्षं सोयरिकी झाल्या की वंशवृक्षाच्या फांद्या आपल्याआपल्यातच गुंततात.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांची नावं सापडतात. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी दारात येऊन पिढ्यांची यादी वाचून दाखवतात. ऐकताना छाती फुगते. पण ही यादी बहुतेक बापाकडून बापाकडे जाते. दहाव्या पायरीवर ती गाठते एका माणसाला, उरलेले १,०२३ तिच्यात नाहीतच. शिवाय डीएनए तुकड्यातुकड्यांनी उतरत असल्यामुळे त्या १,०२४ पैकी साधारण निम्म्यांचाच एखादा तुकडा तुमच्यापर्यंत पोचलेला असतो. बाकीचे पूर्वज खरे, पण त्यांच्या डीएनएचं एक अक्षरही तुमच्यात नाही. बापाकडून मुलाकडे हमखास जातं ते फक्त वाय गुणसूत्र. त्याची अक्षरं सहा कोटींच्या आसपास, पुरुषाच्या एका पेशीतल्या सहाशेहून अधिक कोटी अक्षरांच्या जेमतेम एक टक्का. ‘वंशाचा दिवा’ हवा म्हणून घराघरांत जे काही केलं गेलं, ते या एका टक्क्यासाठी. मुलीच्या पदरी जन्मदात्यांचा वारसा तितकाच पडतो, किंबहुना आईकडून येणारं तंतुकणिकांमधलं १६,५६९ अक्षरांचं डीएनए पुढच्या पिढीला तीच देते, मुलगा नाही.

डीएनएची नक्कल करताना चुकाही होतात. आई-वडिलांपैकी कुणातच नसलेले साठ-सत्तर नवे बदल प्रत्येक बाळ घेऊन येतं. त्यातले बरेचसे बापाकडचे, आणि बापाचं वय वाढेल तसे वाढणारे. साठला जगाच्या ८२० कोटी लोकसंख्येने गुणा, साधारण ४९,००० कोटी होतात. अक्षरांच्या एका संचात जागा आहेत ३१० कोटी. म्हणजे जगण्याला घातक ठरणाऱ्या जागा सोडल्या तर प्रत्येक अक्षर आज हयात असलेल्या कुणा ना कुणात नव्याने बदललेलं आहे, तेही सरासरी दीडशे वेळा.

बहुतेक बदलांनी काही बिघडत नाही. एकाने मात्र विदर्भातल्या, नंदुरबारमधल्या किती तरी घरांचं बिघडवलं आहे. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलतं आणि रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. हाच सिकलसेल. बदललेलं जनुक एकाच बाजूने आलं तर माणूस वाहक होतो, त्याला सहसा त्रास नसतो. दोन्ही बाजूंनी आलं तर आजार. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला चारात एक धोका.

हा चारात एकचा हिशेब मेंडेलचा. ब्रनोच्या मठात त्याने एका प्रयोगात ७,३२४ वाटाणे मोजले. गोल ५,४७४, सुरकुतलेले १,८५०. तिनास एक, जवळजवळ तंतोतंत. पण ते सात हजार वाटाण्यांत. दोन मुलांच्या घरात सरासरी दिसत नाही. दोघेही वाहक असलेल्या अशा सोळा जोडप्यांपैकी सरासरी नऊ जणांच्या दोन्ही मुलांना आजार नसतो, एकाच्या दोघांनाही असतो. त्या नऊ घरांत कुणाला पत्ताही लागत नाही आणि जनुक पुढच्या सोयरिकीपर्यंत मुकाट पोचतं. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असंही नसतं. प्रत्येक वेळी नाणं नव्याने उडतं.

वाहक आहे की नाही हे थोड्याशा रक्तावरून कळतं, आणि सरकारी मोहिमेत ही तपासणी होते. घराण्यात कुणाला सिकलसेल असेल, किंवा तो ज्या भागात आढळतो तिथलं आपलं मूळ असेल, तर पत्रिका जुळवण्याआधी मुला-मुलीची ही तपासणी करून घ्या.